मिलेनाचा बावटा

श्रावण लागला की मनिषा सकाळचं बोलणं देवीला देऊन टाकी. उठल्यापासून तुळशीला पाणी घालून, देव्हाऱ्यातल्या एकवीरेपुढं दिवा लावून, पूजा आटपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दत्ता भाऊजी आणि माधुरी एकाच पावसाळ्यात पाठोपाठ गेले आणि त्यांची लहानगी किशोरी काकूच्या कुशीत येऊन झोपू लागली, त्या वर्षी धरलेला हा नेम. घराला त्याची एवढी सवय झाली होती की तिचा नवरा धनेश अडचणीच्या गोष्टी नेमक्या त्याच वेळात उरकून घेई. "मनिषा, आज तुळशीरामकडं पत्त्यांचा डाव हाय, मी जातोय," असं तो देव्हाऱ्याकडं पाठ करून म्हणे, आणि ती बोलत नाही म्हणजे तिला चालतंय असं धरून चालू लागे.

पण नारळी पौर्णिमेच्या सकाळी जे झालं ते धनेशनं केलं नव्हतं. ते मनिषाच्याच हातून झालं.

होडीवर चढवायचे बावटे आदल्या दिवशीच धुऊन, घड्या करून सुपात ठेवलेले होते. देवीचा भगवा, त्याच्याखाली हिरवा, पिवळा, आणि कोळीवाड्यातल्या बायकांनी मिळून शिवलेल्या पताकांची गुंडाळी. मनिषा सूप घेऊन देव्हाऱ्यापुढं बसली, तेवढ्यात किशोरी न्हाऊन ओल्या केसांनीच आत आली. तिनं एक लाल घडी सुपात ठेवली.

"काकू, हा पण यात ठेवतेय. तुझं मौन सुटलं की सगळं सांगते. हळदकुंकू नको लावूस हं याला, नुसता—"

तिचा फोन वाजला. "अरे, कनेक्ट होतंय," असं म्हणत ती अंगणात पळाली. तिचं शेवटचं वाक्य मनिषानं ऐकलंच नाही, कारण त्याच वेळी सासूबाईंनी, गुणाबाईंनी, मागच्या दारातून हाक मारली होती, "सूनबाय, नारल सोलले का गो?" आणि मान हलवून "हो" सांगण्यात मनिषाचं लक्ष तिकडं गेलं.

मग तिनं एकेक घडी उलगडली. हळदीत बोटं बुडवून पाची बोटं उठवली, मधोमध कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. लाल कापडावर पांढऱ्या रंगात कसलीशी चांदणी आणि परकी अक्षरं होती. आजकाल पोरं होडीवर काय काय लावतात, क्रिकेटच्या टीमचंसुद्धा. तिनं त्यालाही हळदकुंकू लावलं, सुपातल्या सगळ्यांची मिळून ओटी भरली आणि हात जोडले. कल्पेशचं परदेशाचं काम होऊ दे, किशोरीला सुखात ठेव, दर्यावर गेलेलं माणूस घरी येऊ दे. रोजचंच मागणं, त्याच क्रमानं.

मौन सुटलं तेव्हा किशोरी घरात नव्हती, आणि सूप धनेशच्या खलाशानं धक्क्यावर नेलेलं होतं.

तासाभरात उरणजवळच्या करंजा गावाहून भागी आली. भागी म्हणजे धनेशची धाकटी बहीण. तिचा आवाज तिच्याआधी दारात येई. "वयनी, पानी दे गो, रिक्षावाल्यानं सगला पनवेल फिरवून आनला मला." राख्यांचा पुडा तिनं करंज्यांच्या परातीशेजारीच ठेवला. गुणाबाई खाली बसून नारळ खोवत होत्या. मनिषा सारण भरत होती. भागीनं हात न धुताच एक करंजी तोंडात टाकली आणि कल्पेशच्या व्हिसाची चौकशी केली.

"पासपोर्ट अजून वकिलातीतच आहे," मनिषा म्हणाली. "या आठवड्यात कळेल म्हणाले."

तिचा मुलगा कल्पेश जहाजबांधणीतला वेल्डर. आधी पनवेलच्या वर्कशॉपात, मग उरणला बंदराच्या कामावर, आणि आता युरोपातल्या एका गोदीत त्याला काम मिळालं होतं. त्या देशाचं नाव मनिषाच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती त्याला 'मिलेनाचं गाव' म्हणे, कारण त्या देशातलं तिला ठाऊक असलेलं माणूस एकच, किशोरीची मैत्रीण मिलेना.

सारण संपत आलं तेव्हा धनेश आला. चपला काढल्या नाहीत. डोक्यावरची नवी लाल टोपी हातात होती, म्हणजे तो नक्की चिडलेला होता.

"तो लाल बावटा सुपात कुनी घातला?"

किशोरी त्याच्या मागोमागच धापा टाकत आली होती. तिच्या मागं कल्पेश. "मी, काका. मी सांगणारच होते."

"कदी सांगनार? नारळ दर्यात पडल्यावर?"

"अरे, पन कसला बावटा?" भागीनं विचारलं. "आपल्या बाबांचा? युनियनचा?"

"बाबांचा असता तर मी पाया पडलो असतो. हा त्या मिलेनाचा हाय."

"फोनवर दिसते ती, भुऱ्या केसांची? करंजीला समोसा म्हनाली ती?"

"तीच, आत्या," किशोरी म्हणाली. ती खाली आजीशेजारी बसली. चिडलेल्या काकासमोर उभं राहून बोलायचं नाही, हे ती लहानपणीच शिकली होती. बसून बोललं की त्याचा आवाज अर्धा होतो. "तिकडं त्यांची कम्युनिस्ट तरुणांची संघटना आहे. आमच्या पनवेलच्या गटासारखीच. शाळेत जाणारी, कामावर जाणारी पोरं. त्यांच्या जाहीरनाम्यात एक वाक्य आहे, की कारखाना तिथं राबणाऱ्यांचा असावा. सरकार म्हणालं, ते वाक्य काढा. यांनी काढलं नाही. तर गेल्या आठवड्यात संघटनेवरच बंदी घातली. ऑफिसला सील, बावट्यावर बंदी, बैठक घेतली तर अटक. मिलेना अध्यक्ष आहे त्यांची. आज दुपारी त्यांच्याकडं कोर्टात तारीख आहे, म्हणजे आपली संध्याकाळ."

"एका वाक्यासाठी?" भागी म्हणाली.

"एका वाक्यासाठी."

"काढायचं मंग. दुसरं लिवायचं."

गुणाबाईंचा खोवणीवरचा हात थांबला नाही. "जो राबंल त्याचा कारखाना, यात वंगाळ काय हाय?"

"आये, तू गप बस," धनेश म्हणाला. "उद्या माझे खलाशी म्हनतील, जो राबंल त्याची होडी."

"ते आत्ताच म्हनतात. तुला ऐकू येत नाय."

कल्पेश हसला आणि बापाची नजर पडताच त्यानं करंजी उचलून तोंड भरून घेतलं.

"तर आज," किशोरी घाईनं म्हणाली, "जगभरातून आमच्यासारखे गट आपापल्या कामाच्या जागी त्यांचा बावटा लावून फोटो पाठवताहेत. चहाच्या मळ्यातून, खाणीवरून, कुठून कुठून. ते सगळे फोटो कोर्टाच्या बाहेर लावणार आहेत. मी शब्द दिलाय, पनवेलच्या खाडीतून आमच्या घरच्या होडीवरून येईल म्हणून."

"आनि होडीवर काय लिवलंय?" धनेशनं बोटं मोजत विचारलं. "एकवीरा कृपा. त्याच्याखाली नंबर. नंबरावरून माझं नाव निघतं, आडनाव निघतं. त्याच आडनावाचा पासपोर्ट आज त्यांच्याच टेबलावर पडलाय. एका हातानं त्यांच्याकडं नोकरी मागायची आनि दुसऱ्या हातानं त्यांनी बंदी घातलेला बावटा फडकवायचा. ते लोक आंधळे हायेत का?"

मनिषानं हातातली करंजी न मुडपताच परातीत ठेवली. हे तिला सुचलंच नव्हतं. तिला बावटा म्हणजे कापड वाटला होता.

"बाबा, कोण बघत बसणार आहे," कल्पेश म्हणाला. "आणि एक सांगू का? तो पहिला एजंट, ज्याला आपण पासपोर्ट देणारच होतो, तो खोटा आहे हे कुणी शोधून काढलं? मिलेनानं. दोन दिवस फोन फिरवले तिनं."

"मी कुटं म्हनतो पोरगी वाईट हाय? पोरगी गुणाची हाय. म्हनून तुझं आयुष्य द्यायचं का तिला?" धनेश वळला. "मी बावटा उतरवून घेतो. संपला विषय."

"उतरवता येनार नाय," गुणाबाई म्हणाल्या.

धनेश थांबला.

"सूनबायनं त्याला हळदकुंकू लावलंय. मी धक्क्यावरून बघून आले. पाच बोटं उठलीत त्याच्यावर, ओटीचे तांदूल अडकलेत शिवनीत. देवीपुढं बसून होडीवर चडलेला बावटा दर्याला नारल दिल्याबिगर उतरत नाय. दिवेलागनीला उतरतो, घरच्या बाईच्या हातानं. तुझ्या बापानं मोडलं नाय, त्याच्या बापानं मोडलं नाय."

सगळ्यांनी मनिषाकडं पाहिलं. किशोरीचे डोळे मोठे झाले. "काकू, मी म्हटलं होतं ना, याला नको लावूस म्हणून."

"मी ऐकलं नाही गं," मनिषा म्हणाली. "मला विचारता येत नव्हतं."

धनेश उंबऱ्यावर बसला. हाच माणूस एकदा अर्ध्या खाडीतून होडी परत घेऊन आला होता, कारण निघताना फोडलेला नारळ आतून कुजका निघाला होता. देवीच्या गोष्टीत त्याच्याशी कोणी वाद घालत नसे, तोही नाही.

"मंग माफी माग देवीची आनि काढू," तो पडक्या आवाजात म्हणाला. "चुकून झालं म्हनून सांग."

"माफी चुकीची मागतात," गुणाबाई म्हणाल्या. "हलदीची नाय."

"मला वाटतं दादाचं बरोबर हाय," भागी म्हणाली. "देवी काय आपल्या पोराच्या पोटावर पाय देईल?"

"तू उरनला गेलीस, आता तुझी देवी तिकडली."

"वा गो आये. करंजी द्यायला माहेरची, बोलायला सासरची."

तेव्हा किशोरी उठली. "बावटा राहू दे, देवीचा म्हणून," ती म्हणाली. "फोटो मी नाही पाठवत. त्यांना सांगते, जमलं नाही." आणि राखीच्या पुड्याकडं न बघता ती मागच्या दारानं निघून गेली.

धनेशला हवं होतं ते मिळालं होतं. पण त्याचा चेहरा तसा दिसत नव्हता.

मनिषा मागं गेली तेव्हा किशोरी तुळशीच्या कट्ट्याला टेकून फोनकडं बघत होती. केस अजून ओलेच होते. मनिषानं काही न विचारता ते दोन्ही हातांत घेतले, पिळले, आणि वेणी घालायला सुरुवात केली. सण असो, सुतक असो, परीक्षेचा दिवस असो, या मुलीशी बोलायचं तर आधी तिची वेणी हातात लागे.

"रागावलीस?"

"कोणावर रागवू? काकांचं बरोबर आहे. दादाचं काम माझ्यामुळं गेलं तर मी या घरात कुठल्या तोंडानं जेवू?" ती थांबली. "पण काकू, मिलेना त्या कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी असेल ना, तर ती शोधेल आमचा फोटो. आधी तोच शोधेल."

कल्पेश दारात आला होता. "नाव क्रॉप कर ना," तो म्हणाला. "नाहीतर ब्लर कर. त्यात काय."

"नाही. पुसलेलं दिसतं रे. सगळे नावानिशी उभे आहेत आणि आपण पुसून पाठवायचं, म्हणजे तिला सांगायचं की आम्ही सोबत आहोत पण आम्हाला भीती वाटते. त्यापेक्षा नको." तिनं हात पुढं केला. "ये, राखी बांधते. मग मी तुळशीरामकाकांच्या होडीतून येईन. आपल्या होडीत नाही बसत आज."

कल्पेश गुडघ्यावर बसला. मनिषाच्या हातातली वेणी सैल पडली. तिच्या एका मुलाला आज काही गमवायला लागू नये म्हणून दुसरीनं आपला शब्द मोडला होता. आणि ती गाठ बांधली होती तिच्याच हळदीच्या बोटांनी. देवीनं हे का करवून घेतलं असेल, असं तिनं मनात विचारलं. नेहमीप्रमाणे काम समोर आलं, नैवेद्याचा भात चुलीवर राहिला होता.

दुपारी धक्क्यावर ढोल वाजू लागले. होड्या एकीला एक लागून उभ्या होत्या, केळीचे खांब, झेंडूच्या माळा, रंगीत कागद. या वर्षी सोनेरी नारळाचा मान 'एकवीरा कृपा'चा होता, बऱ्याच वर्षांनी. डोलकाठीवर सगळ्यात वर देवीचा भगवा आणि त्याच्याखाली तो लाल. हळदीची पाच बोटं खालूनही दिसत होती. तुळशीरामनं विचारलं, हा कंच्या देवीचा रं? धनेश म्हणाला, लांबची हाय.

तो एकटा दोरी तपासत होता तेव्हा मनिषा त्याच्याजवळ गेली. ती त्याच्याशी चारचौघांत कधी वाद घालत नसे. घरातही क्वचितच घाली, आणि तेव्हाही तिचा आवाज देवापुढं पोथी वाचल्यासारखाच खाली असे.

"गेल्या वर्षी किशोरीच्या गटाच्या वाचनालयाला कुलूप लागलं होतं ना," ती म्हणाली, "वीटभट्टीवरची पोरं शिकायला यायची तिथं."

"हं."

"तेव्हा मिलेना आणि तिची पोरं बर्फात उभी होती. हातात पुठ्ठे धरून. एकावर 'पनवेल' लिहिलं होतं."

धनेश दोरीच्या गाठीकडं बघत राहिला.

"तो फोटो तुमी मासळी बाजारात सगळ्यांना दाखवला होता. बघा, आपल्या गावाचं नाव कुटंवर गेलं म्हणून. आमच्या शिरढोणच्या भावालासुद्धा फोन करून सांगितलं होतं."

"तेव्हा कल्पेशचं काय नव्हतं."

"नव्हतं. म्हणून सोपं होतं." ती जरा थांबली. "मला पण त्याचीच भीती आहे. तुमच्याहून जास्त आहे. तुमी ती बोलून दाखवता, मी नाही. पण आपल्या दारात कुणी दुःखाच्या वेळी येऊन बसलं, तर त्यांच्या वेळेला आपण जातो. लांबचं असलं तरी जातो. रिकाम्या हातानं का होईना, जाऊन बसतो. आपण नाही गेलो तर माझा जीव लागत नाही आठवडाभर. तुमचा पण नाही लागत, मला माहीत आहे."

"कल्पेशचा पासपोर्ट परत आला तर?"

"तर आपण रडू," मनिषा म्हणाली. "मी एवढंच सांगायला आले होते. तुमचं मन म्हणेल ते करा."

धनेशनं गाठ सोडली आणि तीच पुन्हा बांधली. "आये तुझ्या बाजूची हाय," तो म्हणाला. "कल्पेश पोरीच्या बाजूचा. भागी सकाळी माझ्या बाजूची होती, आता तिचंबी तोंड वाकडं दिसतंय."

"ती पोरगी जेवली नाय," पलीकडून भागीचा आवाज आला. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. "मी राखी बांधली तर तुझ्या मनगटाला घाम. असल्या सनाला काय अर्थ हाय, दादा."

तो होडीत चढला.

होड्या खाडीत निघाल्या. ढोल, गाणी, पाण्यावरून येणारा चिखलाचा आणि डिझेलचा वास. दूर विमानतळाच्या बाजूला दिवे लागायला अवकाश होता. मनिषा पाण्याकडं बघून ओठांतल्या ओठांत देवीचं नाव घेत होती. गुणाबाई मध्ये बसल्या होत्या, पाय पसरून, जणू होडी त्यांचीच होती आणि बाकीचे सगळे भाडोत्री.

"धनेशचा बाप असता तर त्यानंच सांगितलं असतं," त्या कोणालाच न सांगता म्हणाल्या, "मिठागरच्या संपात पोलिसांनी जमावबंदी केली, बावटा लावायचा नाय म्हनाले. तवा आपटा गावच्या बायकांनी त्यांच्या वाटेवर लावला. आमी त्यांना बघितलंबी नव्हतं कदी. पन भाकऱ्या आल्या होत्या त्यांच्याकडून."

खोल पाण्यात धनेशनं सोनेरी नारळ दोन्ही हातांत धरला, दर्याला गाऱ्हाणं घातलं, आणि सोडला. बायकांनी हात जोडले. इंजिनं बंद झाली. सगळ्या होड्या एका जागी डुलत राहिल्या. तुळशीरामच्या होडीत किशोरी कडेला बसली होती. फोन हातात, पण खाली धरलेला.

धनेश उठला. "कल्पेश, खाली जा. इंजिनाजवळ. मी हाक मारेपर्यंत डोकं वर काढायचं नाय."

"का?"

"जा म्हनतो ना."

कल्पेश खाली गेला. धनेश नाळेकडं, होडीच्या पुढच्या टोकाकडं गेला, जिथं फळीवर नव्या रंगात 'एकवीरा कृपा' लिहिलं होतं आणि त्याखाली नंबर. तो कठड्यावर बसला आणि पाय बाहेर सोडले. त्याच्या दोन पिंडऱ्यांनी 'एकवीरा' झाकलं. 'कृपा' तशीच राहिली.

"किशोरी," त्यानं हाक मारली. "फोन काढ."

किशोरीनं मान वर केली. तिला आधी कळलंच नाही.

"नाव पुसायचं नाय म्हनालीस ना? मी पुसलं नाय. मी माझ्या होडीवर बसलोय. मला बसायला बंदी हाय का?"

भागीनं बघितलं आणि जोरात हसली. "तुझ्या दोन पायांनी काय झाकनार, दादा? अर्धा दर्या दिसतोय मधून. सरक." ती त्याच्याशेजारी बसली आणि पाय सोडले. "तोंड दिसलं तर दिसू दे. माझा नवरासुद्धा सनाच्या दिवशी मला वळखत नाय, तिकडचं सरकार काय वळखतंय."

तरी नंबराचे शेवटचे आकडे उरलेच. मनिषानं पदर डोक्यावरून नीट ओढला. चप्पल काढून ठेवली. होडीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून ती जन्मात बसली नव्हती. सासूसमोर तर नाहीच. तिनं गुणाबाईंकडं पाहिलं.

"बस गो," गुणाबाई म्हणाल्या. "मी धरते मागून."

ती बसली. म्हातारीची मूठ तिच्या कमरेच्या पदराशी घट्ट आली. खाली पाणी होतं, हिरवट, मंद. तिचे पाय शेवटच्या आकड्यांवर टेकले. रंग अजून थोडा ओलसर असावा, तळव्याला चिकटल्यासारखा वाटला. वर डोलकाठीवर वारा आला आणि लाल बावटा पूर्ण उघडला. तुळशीरामची होडी वळून समोर आली. किशोरी दोन्ही हातांनी फोन धरून उभी होती.

"नीट काढ," धनेश ओरडला. "माझं पोट येऊ देऊ नको."

"तेवढं मोठं कुटला फोन धरनार," भागी म्हणाली.

त्या हसण्यातच फोटो निघाला.

दिवेलागणीला मनिषानं बावटे उतरवले, देव्हाऱ्याजवळ ठेवले. पानं मांडली गेली. नारळीभात, करंज्या, वालाचं बिरडं. तिचा स्वतःचाही घास याच वेळचा, दिवसातला एकच. सगळे येऊन बसले. मधोमध किशोरीचा फोन एका वाटीला टेकवून ठेवलेला. फोटो केव्हाच गेला होता. त्यावर कुठल्या कुठल्या देशांतून अंगठे आणि लाल हृदयं येत होती. मिलेनाकडून मात्र काहीच नव्हतं. ती कोर्टात होती.

मनिषानं भाताचं पातेलं उचललं. धनेश हा ताटात भात पडायच्या आधी कालवायला हात घालणारा माणूस. पण त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"थांब जरा."

"भात निवेल."

"निवू दे. पोरीचं काय होतंय ते कळू दे."

कल्पेशनं बापाकडं पाहिलं, मग फोनकडं. बाहेर कोळीवाड्यात कुणीतरी ढोलाची रेंगाळलेली थाप मारत होतं. गुणाबाईंनी पाटावर बसल्या बसल्या डोळे मिटले होते. झोपल्या असाव्यात किंवा जप करत असाव्यात, त्यांच्यात फरक कळत नसे. मनिषा पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या मनात सकाळचंच मागणं चाललं होतं, पण त्यात आता एक नाव वाढलं होतं आणि ते कुठल्या जागी घ्यायचं हे तिला ठरवता येत नव्हतं. कल्पेशच्या आधी, की किशोरीच्या नंतर.

फोन उजळला. किशोरीनं झडप घातली. वाचताना तिचे ओठ हलत होते.

"बंदी उठवली नाही," ती म्हणाली. "पुढची तारीख दिली. तोपर्यंत बंदी राहणार." ती पुढं वाचत गेली. "पण अटक नाही केली कुणाला. आता घरी पोचलीय. आईकडं. फोटो बाहेर लावले होते, सगळ्यात जास्त लोक आपल्या फोटोपाशी थांबले. आणि विचारतेय, ते रागावलेले गृहस्थ कोण."

"रागावलेला कुटं दिसतो मी," धनेश म्हणाला.

"काका, तुमच्याबद्दलच आहे ते."

"ते राहू दे. घरी हाय ना ती?"

"हो. घरी आहे."

धनेशनं ताटावरचा हात काढला.

"मंग वाढ," तो मनिषाला म्हणाला.